उतरतानाची पर्वती

पुण्यात मुक्काम असेल, तर एखाद्या पहाटे पर्वतीच्या पायथ्याशी जाऊन थोडा वेळ उभे राहा. पुरते उजाडलेले नसते, तरी पायऱ्यांवर माणसांची ये-जा सुरू झालेली असते. धावत चढणारी तरुण मुले तेथे असतात; आपण मात्र पाहावे कानटोपी घातलेल्या, काठी टेकत सावकाश निघालेल्या मंडळींकडे. वर्षानुवर्षे त्यांनी हा नेम सांभाळलेला असतो.

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. तेथवर जाणाऱ्या पायऱ्या १०३ आहेत. दगडी आणि चांगल्या रुंद. पुष्कळ पायऱ्यांवर एक-दोन पावले सपाट चालूनच पुढची चढण येते. या सवलतीचा लाभ घ्या. चढताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे; वाक्य मध्येच तुटू लागले, की कडेला थांबावे. छातीत दुखले, दडपण आले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर तेथेच बसावे, सोबत्याला हाक द्यावी आणि वैद्यकीय मदत घेण्यास विलंब करू नये.

माथ्यावर वारा लागतो. खाली शहर पसरलेले दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर सिंहगडही. पानिपतच्या आघातानंतर १७६१ च्या जून महिन्यात नानासाहेबांनी याच टेकडीवर देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस होते. त्याच जागी आज सत्तरी ओलांडलेली माणसे घाम पुसत, नातवंडांच्या गोष्टी करत बसलेली असतात. ते पाहून मन थोडे अंतर्मुख होते.

परंतु पर्वतीची खरी परीक्षा उतरताना असते. उतरताना दम लागत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. त्याच वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा सारा भार तोलून धरत असतात. पायांत बळ नसेल, तर गुडघा अचानक वाकतो.

माझे वडील असेच एकदा घसरले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. हाड मोडले नाही, केवळ खरचटले. पण आम्ही मुले घाबरलो आणि पर्वती बंद केली. मग जिना बंद केला, बाजारहाटही बंद केली. पाण्याचा पेलाही त्यांच्या हातात नेऊन देऊ लागलो. याला आम्ही सेवा समजत होतो. चार महिन्यांनी ते हाताचा आधार घेतल्यावाचून खुर्चीतून उठू शकेनात. पडण्यातून जे वाचले होते, ते आमच्या काळजीने हिरावून घेतले.

स्नायूंची झीज साठीनंतर वेगाने होते आणि बसून राहिल्याने ती अधिकच वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. ज्यांना इतके झेपत नाही, त्यांनी झेपेल तितके करावे.

वडिलांच्या व्यायामतज्ज्ञांनी सुरुवात खुर्चीपासूनच केली. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून उठायचे, बसायचे. बसताना धपकन न बसता सावकाश. पुढे घराचा जिना आला. एक गुडघा दुखरा असेल, तर चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय टाकायचा, हे त्यांनी शिकवले. आम्हालाही एक धडा मिळाला : चढताना सोबत्याने एक पायरी मागे राहावे, उतरताना एक पायरी पुढे. हात तयार ठेवावा, पण दंड धरून ओढू नये.

वर्षभराने आम्ही पुन्हा पर्वतीला गेलो. पहिल्या दिवशी अकरा पायऱ्या झाल्या. आज वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि चाळीसेक पायऱ्या चढून कडेला बसतात. देवदेवेश्वराला तेथूनच हात जोडतात. माथा पुन्हा गाठता येईल, असे त्यांना वाटत नाही, मलाही नाही. पण घरी खुर्चीतून ते आपले आपण उठतात, पाणी आपल्या हाताने घेतात.

आपल्या गावी पर्वती नसेल. देवळाचा ओटा असेल, इमारतीचा जिना असेल, अंगणाची एक पायरी असेल. वैद्यांचा सल्ला घेऊन तेथून आरंभ करा. आणि आपण घरातील वडीलधाऱ्यांची देखभाल करत असाल, तर उद्या त्यांच्या हाती पेला देण्यापूर्वी क्षणभर थांबा. कदाचित ते स्वतःच उठतील.