वेग बदलताना

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. पायांनी भाता चालवायचा, हातांनी सूर धरायचे. अमेरिकेत बनलेल्या बऱ्याच पायपेट्यांत एक खास खुंटी असे. ती ओढली की हवेच्या जोरावर एक पातं गरगरू लागे आणि त्याच्याआडून येणारा सूर थरथरे. आवाज फिरवायची हौस अशी जुनीच. पण तिचं सोनं केलं ते कॅलिफोर्नियातल्या डॉन लेस्लीने.

लॉरेन्स हॅमंड आधी विजेची घड्याळं बनवायचा. 1935 साली त्याने बाजारात आणलेल्या ऑर्गनला ना नळ्या होत्या, ना भाता. मोटरवर फिरणाऱ्या धातूच्या चकत्यांतून सूर निघत. लेस्लीने हा ऑर्गन घरी आणला आणि दुकानाच्या प्रशस्त दालनात भरून राहणारा तो आवाज लहान खोलीत त्याला अगदी कोरडा वाटला. मोठ्या वास्तूत सूर भिंतींवरून, छतावरून फिरून कानाशी येतो. घरात तसं छत कुठून आणायचं? लेस्लीने आवाजच फिरता केला.

त्याचं यंत्र म्हणजे झडपांचं एक लाकडी कपाट. वर फिरता कर्णा. खाली जमिनीकडे तोंड केलेला पंधरा इंची स्पीकर आणि त्याच्याखाली फिरणारा ड्रम. उंच सूर कर्ण्यातून, खर्ज ड्रममधून. कर्ण्याला तोंडं दोन, पण आवाज एकातूनच येतो; दुसरं नुसतं तोल सांभाळायला. त्या मुक्या तोंडाबद्दल मला फार माया वाटते. ते नसतं तर सबंध कपाट थडथडलं असतं. कर्णा आपल्याकडे वळतो तेव्हा सूर किंचित चढतो, मोठा आणि धारदार होतो. पाठ फिरवली की उतरतो, न थांबता स्टेशन ओलांडणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा.

हॅमंडने हे यंत्र नाकारलं. आपल्या विक्रेत्यांनी ते विकू नये असाही कंपनीचा आग्रह होता. वादकांनी मात्र निकाल कधीच देऊन टाकला होता. चर्चपासून जॅझच्या क्लबांपर्यंत हॅमंड आणि लेस्लीची ही जोडी पोहोचली, आणि 1966 साली बीटल्सने जॉन लेननचा गळाच या कपाटातून फिरवून ध्वनिमुद्रित केला. 1980 मध्ये हॅमंड कंपनीने अखेर लेस्ली विकत घेतली.

आता ते अवजड कपाट जिने चढून कोण नेणार? आजच्या कीबोर्डमध्ये त्याची नक्कल करणारी ‘रोटरी’ नावाची सोय असते. जुन्या कित्येक कीबोर्डांत मात्र ऑर्गनचा आवाज फिरत्या लेस्लीसकटच मुद्रित केलेला असे. एक पट्टी दाबली तर छान. तीन दाबल्या की तीन कर्णे तीन वेगांनी फिरताहेत असं वाटे, कारण पट्टी जितकी वरची तितकं तिचं मुद्रण जलद वाजे. खऱ्या कपाटात सगळा कॉर्ड एकाच कर्ण्यावर स्वार असतो. म्हणून आधी कोरडा ऑर्गन निवडावा, पहिले तीन ड्रॉबार, म्हणजे ऑर्गनचे सूर मिसळणाऱ्या सरकत्या दांड्या, पूर्ण ओढावेत आणि रोटरी त्याच्या पुढे लावावी.

एवढं करूनही आवाज पुष्कळदा निर्जीव राहतो. माझं ठाम मत आहे की लेस्लीचा जीव फिरण्यापेक्षा वेग बदलण्यात आहे. संथ असताना कर्ण्याचा फेरा सेकंदाभराहून थोडा लांबतो. वेगात सेकंदाला सहा-सात फेरे होतात. हलका कर्णा सेकंदाभरात वेग घेतो, जड ड्रमला चार-पाच सेकंद लागतात. या दोन वेळांमधल्या फटीत वरचे सूर शहारलेले असतात आणि खर्ज अजून सावकाश घोळत असतो. ऐकताना अंगावर काटा येतो तो तिथेच. कीबोर्डचा कारखान्यातून आलेला हिशेब बहुधा दोघांनाही घाईने पळवतो. मेनूत शिरून ड्रमची चढण्याची वेळ वाढवावी, त्याचा वेग कर्ण्यापेक्षा थोडा कमी ठेवावा, म्हणजे दोघांची पावलं कधीच जुळत नाहीत. डावी-उजवीकडची पसरणही आवरावी. हेडफोनमध्ये सूर या कानातून त्या कानात उड्या मारतो ते चमत्कारिक लागतं. कपाट शेवटी खोलीच्या एका कोपऱ्यात उभं असतं.

कीबोर्डवरच्या चाकाला, म्हणजे मॉड्युलेशन व्हीलला, स्लो-फास्ट जोडता आलं तर उत्तम. मात्र ते बटणासारखंच वापरावं, हळूहळू सरकवू नये. मूळ यंत्रातही वादकाकडे फक्त निवड असे, वेग कसा चढायचा ते मोटर आणि वजन ठरवत. ओळीच्या मध्येच कळ फिरवली तर सूर पळाल्यासारखा वाटतो. लांब धरलेला कॉर्ड येऊ द्यावा, तो दोन मात्रा संथ ऐकावा, मग वेग द्यावा. आणि खालचा ड्रम वरच्या कर्ण्याच्या मागे धावत येईपर्यंत बोटं उचलू नयेत.