पहिली पोळी, पहिली भाकरी



नुकतंच लग्न झालेल्या माझ्या भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, मला पोळी-भाकरी काहीच येत नाही. सुरुवात कुठून करू?" तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

सुरुवात पिठापासून. आपल्या दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस. मी लग्न होऊन धारूरला आले ती बी.कॉम.चा हिशेब डोक्यात घेऊन. गिरणीच्या खेपा वाचाव्यात म्हणून ऐन पावसाळ्यात पंधरा दिवसांची ज्वारी एकदमच दळून आणली. काही दिवसांनी भाकरी थापताना कडा फाटू लागल्या. सासूबाईंनी धर्माचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अगं, पिठाची विरी गेली." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. गव्हाच्या कणकेसारखा ताण ज्वारीत मुळात नसतो, त्यात पीठ जुनं झालं की भाकरी तुटतेच.

म्हणून भाकरीला ताजं पीठ, मालदांडीचं असेल तर उत्तम. पाणी चांगलं गरम घ्यावं. एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ तळहातानं रगडून मळावं, कोरडं पीठ पसरून परातीत थापावं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की लगेच उलटायची. उशीर झाला तर तडे जातात. दुसरी बाजू भाजली की आचेवर फुगवायची.

पोळीचं उलट आहे. कणीक मऊ मळून अर्धा तास झाकून ठेवावी, म्हणजे लाटताना मागे ओढत नाही. छोटी पोळी लाटून तेल आणि चिमूटभर पीठ लावायचं, घडी घालून पुन्हा लाटायची. पदर सुटतात.

धपाट्यांना ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि कणीक, शिवाय तीळ, ओवा, हळद, तिखट. आपल्याकडे कांदा-लसूण नाही, चातुर्मासात कोथिंबीरही नाही. बेसन असल्यामुळे सोबत दही घ्यायचं नाही, द्विदल होतं. शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी घ्या.

आता दशमी. हिचं मोल मला सुनेमुळे कळलं. ती नोकरीला केजला जाते, एसटीनं घरी यायला सात वाजतात. थंडीत तर सहाच्या आतच सूर्य मावळतो. माझा स्वयंपाक त्याआधी आटोपलेला. तिचा रात्रीभोजनाचा त्याग नाही, पण माझ्या धाकानं ती अंधारात एकटीच गार पोळी खायची. एकदा तिनं ताट तसंच ठेवलं. सकाळी मी ती शिळी पोळी गाईला घातली आणि तिला ऐकू जाईल असं बोलले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी प्रतिक्रमण करताना मन लागेना. पाण्यातल्या जीवांसाठी पाणी गाळून घेणारी मी, दमून आलेल्या पोरीला उपाशी झोपवलं होतं.

त्या दिवसापासून सकाळी दशमी करते. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं, चिमूटभर मीठ, तव्यावर तूप सोडून भाजायची. संध्याकाळपर्यंत मऊ राहते, म्हणून पूर्वी प्रवासाला हीच बांधून द्यायचे. सूनबाई साडेपाचला बसस्थानकावरच डबा उघडते. कधी जमतं, कधी एसटी आधी लागते. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिच्यासाठी तवा ठेवते. स्वतः खात नाही, पण शेजारी बसते.

आणि भाची, शेवटचं. कणकेत हात घालण्याआधी प्रत्येकाला विचार, "किती खाणार?" आपण शिळं खात नाही, म्हणून मोजूनच करायचं. रात्री डबा रिकामा असला की माझा दिवसाचा हिशेब जुळतो.