उलट तार नाही

नगरच्या हौशी रंगभूमीवर माझ्या वाट्याला खलनायकच जास्त आले. आवाज तसा आणि मिशीही तशी. तालमीत प्रश्न एकच: ह्याला हवंय काय? जमीन, खुर्ची, सूड… उत्तर सापडलं की हात-पाय आपोआप हलायला लागतात.

टॉमस पिंचनच्या ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ (१९७३) कादंबरीतल्या कॅप्टन वाइसमाननं मात्र मला झुलवलं. ‘ब्लिसेरो’ हे त्याचं सांकेतिक नाव, मृत्यूच्या एका जुन्या जर्मन नावावरून घेतलेलं. हॉलंडातून लंडनवर व्ही-२ रॉकेटं सोडणारा हा अधिकारी. रॉकेट आवाजाच्या पुढे धावायचं. आधी स्फोट, मग येण्याची घरघर. ज्याला ती ऐकू आली तो वाचला. आमच्याकडे लष्कराच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की खिडक्या थरथरतात आणि आम्ही चहा पीत राहतो; आवाज कानावर आला म्हणजे आपण शाबूत.

‘याला मरण हवंय,’ असं मी आधी वहीत लिहिलं होतं. मग खटकलं. मरणाचा एवढा सोस, तर शेवटी एका रॉकेटमध्ये बसवून उडवतो कुणाला? गॉटफ्रीडला, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या कोवळ्या पोराला. स्वतः जमिनीवरच. त्याआधी कात्ये नावाच्या तरुणीला आणि गॉटफ्रीडला घेऊन हा हॅन्सेल-ग्रेटेलचा खेळ मांडतो. चेटकीण हा स्वतः. गोष्टीत चेटकीण भट्टीत ढकलली जाते, आणि तो त्याचीच वाट बघत असतो. पण कात्ये खेळ सोडून निघून जाते. ढकलायला कुणी उरत नाही.

आणि मग रॉकेटमधला तो बिनतारी दुवा. गॉटफ्रीडच्या कानाशी छोटा स्पीकर. खालून ब्लिसेरोनं बोलायचं, वरून पोराला बोलायची सोय नाही. इथे माझ्यातला नट जागा झाला. आपण वाक्य टाकतो ते समोरून काहीतरी यावं म्हणून. कंससुद्धा समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती बघायला थांबतो. याला उत्तरच नको. पोराचं रडणं, ‘आई गं’ म्हणणं खाली पोचलं, तर त्यानं मनात रंगवलेलं ते सुंदर मरण नासेल.

परवा तालमीत करून पाहिलं. एका पोराला स्टुलावर पाठमोरं बसवलं, गप्प राहायला सांगितलं आणि मी हळू, मायेनं बोलत गेलो. थोड्या वेळानं माझाच आवाज मला गोड वाटायला लागला. पोराच्या पायाला केव्हाचा गोळा आला होता, ते मला प्रॉम्प्टरनं सांगितलं.