तगरीवरचा पाहुणा

अमरकोशांत करवीराला, म्हणजे आपल्या कण्हेरीला, ‘हयमारक’ असें एक नांव दिलेलें आहे. घोड्यासारख्या बलाढ्य जनावरालाहि मारणारी, असा त्याचा अर्थ. तिच्या पानांतील विष हृदयाच्या क्रियेवर आघात करतें. तीच पानें पोटभर खाऊन वाढणारा एक जीव आपल्या परसांत येतो, हें मात्र पुष्कळ घरांना ठाऊक नसतें.

इंग्रजींत त्याला ‘ओलिअँडर हॉक मॉथ’ म्हणतात. ‘ओलिअँडर’ म्हणजे कण्हेर. इ. स. १७५८ मध्यें लिनीअस या स्वीडिश पंडितानें त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. आफ्रिकेंत व आपल्या देशांत त्याची वस्ती असून उन्हाळ्यांत तो उडत उडत युरोपांतहि जातो. कण्हेरीप्रमाणें तगर व सदाफुली हींहि त्याचीं अन्नछत्रें होत.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पूजेच्या तगरीवर त्याच्या ५-६ अळ्या लागल्या. हिरव्यागार, ३ इंच लांब. शेपटाकडे लहानसें पिवळें शिंग व मानेपाशीं दोन निळे, मोठाले डोळे. हे डोळे खरे नव्हत. अळीला धक्का लागला कीं ती डोकें आंत ओढते, मान फुगते, आणि ते ठिपके पाहून चोच मारावयास आलेला पक्षी बिचकतो. सूनबाई बिचकल्या नाहींत. शेंडे बोडके झालेले पाहून त्यांनीं फवारणीचें औषध आणण्याचें ठरविलें. त्यांची तक्रार रास्त होती. देवाला रोज फुलें लागतात. मीं इतकेंच म्हटलें, “जीं फुलें मुलें हातांनीं खुडणार व आपण देवाला वाहणार, त्यांवर विष कशाला? अळीचे दिवस दोन-तीन आठवड्यांचे. तगर पुन्हां फुटेल. तोंवर देवाला जास्वंद चालेल.” सूनबाईंनीं तें मानलें, मात्र नव्या रोपावरच्या अळ्या त्यांनीं नातवाकरवीं जुन्या झाडावर नेवविल्या. हा तोडगा मला माझ्या उपदेशाहून शहाणपणाचा वाटला.

पुढें अळ्यांचा हिरवा रंग मातकट झाला. त्या खालीं उतरल्या आणि पाचोळ्यांत कोश करून राहिल्या. नातवानें एक कोश जाळीच्या डब्यांत जपून ठेविला. पंधरवड्यानंतर त्यांतून साडेतीन इंच पंखविस्ताराचा पतंग निघाला. शेवाळी हिरव्या रंगांत गुलाबी व पांढऱ्या लहरी. जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर अबरी कागद असे, त्याची आठवण झाली. दिवेलागणीनंतर आम्हीं त्याला सोडून दिलें.

आपल्या काव्यांतला पतंग दिव्यावर झांप घालून मरतो. गीतेच्या अकराव्या अध्यायांतहि त्याची उपमा अशीच आहे. या कुळांतील पतंगांचा दुसरा उद्योग मात्र उपेक्षित राहिला. ते फुलापुढें अधांतरीं स्थिर राहून लांब सोंडेनें मधुरस पितात, आणि पपईचें परागीकरण मुख्यतः त्यांच्याकडूनच होतें. आपण हौसेनें पपई खातों, तिच्यामागें अशा कोणा पतंगाचें बालपण कुणाच्या तरी अंगणांतलीं पानें कुरतडण्यांत गेलेलें असतें.

म्हणून पान कुरतडलेलें दिसलें, तर आधीं कुरतडणाऱ्याची ओळख करून घ्यावी. औषधाच्या बाटलीचा विचार त्यानंतर.