बुरुड आळीतील पडदे

पुण्यास येणारा प्रवासी शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो. परंतु मंडईपासून फारशा दूर नसलेल्या बुरुड आळीकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. ओल्या कळकाचा वास येऊ लागला की आळी जवळ आली असे समजावे. तेथे शिड्या, सुपे, रोवळ्या व टोपल्या यांच्या राशीत चिकाचे पडदे गुंडाळून उभे केलेले असतात.

अमरकोशात बांबूस जी नावे दिली आहेत, त्यांत त्वक्सार हे एक आहे. ज्याचे सत्त्व सालीत, तो त्वक्सार. बुरुडास ही गोष्ट कोश न उघडताच ठाऊक असते. कळक उभा चिरून तो बेळा काढतो. सालीकडील बेळ चिवट निघते व पुष्कळ वर्षे ऊन सोसते. गाभ्याकडील मऊ असते आणि तीत पिष्टाचा अंश अधिक असल्यामुळे कीड प्रथम तिलाच लागते. म्हणून पडदा घेताना काडीस साल आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

पडद्यांचे प्रकार मुख्यतः तीन. बारीक काड्या दोऱ्याने गुंफलेला तो चिक. त्यातून वारा खेळतो, आणि दिवसा आतील मंद उजेडातून रस्ता दिसतो, पण रस्त्यावरून घर दिसत नाही. रुंद बेळा आडव्याउभ्या विणलेला तो तट्ट्या. तो ऊन अडवितो, पण उजेडही अडवितो. तिसरा वाळ्याचा. त्यावर पाणी शिंपडले असता ते वाऱ्याने उडून जाते व हवा गार होते. नागपूर-वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा मोठा आधार. कोकणच्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग थोडा.

पडदा खिडकीच्या बाहेरून लावावा, हे जुन्या वाड्यांतील माणसांस सांगावे लागत नसे. काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने पुरते परत जात नाही. बाहेर अडविलेले ऊन घरात येतच नाही. हल्लीच्या सदनिकांत हा क्रम उलटा झाला आहे आणि त्याची किंमत विजेच्या बिलात मोजावी लागते.

अमरकोशातील दुसरे नाव तृणध्वज. बांबू हे गवतच होय. तथापि इ. स. १९२७ च्या वन कायद्याने त्याची गणना वृक्षांत केली होती. इ. स. २०१७ मध्ये ती व्याख्या बदलली व वनाबाहेर लावलेल्या बांबूची तोड आणि वाहतूक यांवरील त्या कायद्याचा जाच दूर झाला. शेतकऱ्याची वाट त्यामुळे सुकर झाली खरी. परंतु प्लॅस्टिकच्या पडद्यांपुढे बुरुडाच्या हाताला काम मिळेल की नाही, हे कायद्याच्या हाती नाही. ते आपल्यासारख्या गृहस्थांच्या हाती आहे. येत्या चैत्रात पडदे घ्यावयाचे असतील, तर एक फेरी या आळीत अवश्य करावी. मापाप्रमाणे पडदा विणून देणारा माणूस तेथे समोर भेटतो.