देवदूताची ड्यूटी

एंजल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? डिसेंबरात गिफ्ट शॉपमध्ये लटकणारी, गुबगुबीत गालांची पंखवाली पोरं? माझंही ज्ञान तेवढंच होतं. मग मासकॉममधल्या माझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणीकडे येणं-जाणं सुरू झालं.

तिच्या घरी प्रार्थना मराठीत. रात्री झोपण्याआधी तिची आई रक्षक देवदूताला हाक मारते. कॅथलिक श्रद्धेनुसार प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा देवदूत असतो, अगदी मरेपर्यंत सोबत. २ ऑक्टोबरला आपण गांधीजयंतीची सुट्टी एन्जॉय करतो ना, त्याच दिवशी या देवदूतांचा सण असतो.

पण हा देवदूत म्हणजे देव नव्हे. त्याची पूजा करायची नसते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच निरोप्या. त्याला लाडाचं नाव ठेवणंसुद्धा व्हॅटिकनला पसंत नाही, तसं २००१ मध्ये त्यांनी लिहूनच काढलंय. बायबलमधली मायकल, गॅब्रिएल आणि राफाएल ही तीनच नावं चालतात. (माहीमचं चर्च मायकलच्या नावाचं, पण दर बुधवारी नोव्हेनाची गर्दी मरियामातेसाठी. बिचारा मायकल!) आणि क्यूट वगैरे तर विसराच. बायबलमध्ये देवदूत प्रकटला की बहुतेक वेळा समोरच्याची भीती घालवण्यापासूनच त्याला सुरुवात करावी लागते.

तीन वर्षांपूर्वी मैत्रिणीचा धाकटा भाऊ हायवेवर बाइक अपघातात गेला. बावीस वर्षांचा होता. त्यानंतर हिने प्रार्थना सोडली. एकदा स्वयंपाकघरात, माझ्यासमोरच, ती आईवर उसळली, ''मम्मी, त्याचा देवदूत त्या रात्री सुट्टीवर होता का गं?''

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आई बोंबील साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, ''बाय, येशूला धरून नेलं त्या रात्री बागेत देवदूत आलाच होता ना? क्रूस टळला का?''

नंतर मी लूकचं शुभवर्तमान काढून वाचलं. गेथशेमाने बागेत देवदूत येतो, येशूला बळ देतो. बस्स. सुटका नाही. कॅथलिक अंत्यविधीतही देवदूतांनी या जिवाला स्वर्गात न्यावं, अशी प्रार्थना असते.

''माझं पोर रस्त्यावर एकटं नव्हतं,'' आई म्हणाली. ''तो ड्यूटीवरच होता.''

आपल्याला देवदूत हवा असतो तो इन्शुरन्स पॉलिसीसारखा. पुस्तकांच्या दुकानात मिळणारी ती एंजल कार्ड्‌स त्यावरच खपतात. या बाईंचा देवदूत फारच महागात पडणारा आहे. मी गणपतीवाल्या घरातली, माझा त्यावर विश्वास नाही. पण त्याला सांत्वनाची गोळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मैत्रिणीला हे अजून पटलेलं नाही. ''मम्मीला बरं वाटतं ना, मग ठीक,'' एवढंच म्हणते. नाइट शिफ्टला निघताना आई दारात उभी राहून तिच्या देवदूताला काहीबाही सांगत असते. ही हेल्मेट घालते, ''आमेन'' म्हणत नाही. पण आईचं संपेपर्यंत स्कूटीही सुरू करत नाही.