काळा चिमटा सगळ्यात शेवटी

गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी नाशिकहून भाच्याचा फोन. "मावशी, गाडी सेल्फच घेत नाहीये. नुसतं कट कट कट वाजतंय. शेजारच्यांची गाडी आणलीय, केबल आहे. लाल लालला, काळा काळ्याला, बरोबर ना?" म्हटलं, चारातली तीन टोकं बरोबर सांगितलीस, चौथं चूक. थांब, हात लावू नकोस. मग फोनवरच शिकवणी झाली, गाडी सुरू झाली, साहेब ऑफिसला गेले. संध्याकाळी निरोप आला की हे सगळं एकदा नीट लिहून काढ, माझ्या डोक्यात काही राहिलेलं नाही.

तर ही पोस्ट त्याच्यासाठी. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या डिकीत ती केबल प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही निघालेली नाही, त्यांच्यासाठी.

आमच्या घरात बॅटरी म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, ते मामामुळे. मामाचं मिरजेत बॅटरीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीला फळीवर ओळीने बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, बुचं काढलेली. कान जवळ नेला की आत बारीक बुडबुडे फुटल्याचा आवाज यायचा, सोडा वॉटरची बाटली नुकती उघडल्यासारखा. (कान जवळ नेल्याबद्दल धपाटाही मिळायचा.) घशाला लागणारा आंबूस वास. मामाच्या सगळ्या शर्टांना पोटाशी भोकं. ॲसिडचा थेंब उडाला तरी त्या वेळी काही दिसत नाही, दोन धुण्यांनंतर कापड विरतं. मामी म्हणायची, मी यांचे शर्ट धुवत नाही, चाळण्या धुते.

मामाला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. दुकान काढण्याच्या आधी तो एका गॅरेजमध्ये कामाला होता. एका जीपची बॅटरी उतरली, दुसरीवरून वायर जोडून सुरू करायची होती. घाई होती, मालक उभा होता. मामाने शेवटचं टोक थेट उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवलं, ठिणगी पडली आणि बॅटरीचं वरचं टोपण उडालं. मामा सांगायचा, आवाज टायर फुटल्यासारखा होता. शेजारी पाण्याचं पिंप होतं, एका म्हाताऱ्या फिटरने त्याचं डोकं धरून त्यात बुडवलं आणि नंतर कितीतरी वेळ तांब्यातांब्याने डोळ्यांवर पाणी ओतत राहिला. त्यामुळे उजवा वाचला. ॲसिड डोळ्यात गेलं तर आजही पहिलं काम तेच, निदान पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्याने धुवत राहायचं, आणि मग ताबडतोब डॉक्टर.

त्यामुळे "बॅटरी मेली" म्हटलेलं मामाला खपायचं नाही. "मेली कुठे? उतरलीय. मेलेली असती तर तिला भ्यायचं काय कारण होतं?"

मला पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना त्याचं म्हणणं समजलं. शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड, एवढाच हा संसार. गास्ताँ प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये तो मांडला आणि मूळ तत्त्व अजूनही तेच आहे. सहा खण, प्रत्येकात दोनाहून थोडे जास्त व्होल्ट, मिळून बारा. चार्ज होताना पाण्याचं थोडं विघटन होतं आणि हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. ते बुडबुडे तेच. हायड्रोजन हवेत चार टक्के असला तरी पेट घेऊ शकतो. आणि दोन गाड्या केबलने जोडताना जे टोक सगळ्यात शेवटी टेकतं तिथे ठिणगी पडू शकते, कारण सर्किट त्या क्षणी पूर्ण होतं. ठिणगी टाळता येईलच असं नाही, पण ती कुठे पडावी हे आपल्या हातात आहे. बॅटरीच्या तोंडावर नको, लांब. बस, सगळी मेख एवढीच आहे.

आता २०२० ची गोष्ट सांगते, म्हणजे क्रम लक्षात राहील.

२५ मार्चपासून सगळं बंद. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांवर धुळीची साय धरली होती. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, आतल्या कॉम्प्युटरची मेमरी अशी मंडळी थेंब थेंब वीज पीत असतात. पंचवीस मिलिअँपिअर धरा. दिवसाला ०.६ अँपिअर-अवर झाले. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ ची. म्हणजे दोन महिन्यांत खडखडाट, आणि सेल्फ मारायला तर क्षणभर का होईना शंभर-दीडशे अँपिअर लागतात, त्यामुळे गाडी त्याच्या बरीच आधी हात वर करते.

तळमजल्यावरच्या काकूंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. पास काढलेले एक रिक्षावाले न्यायचे-आणायचे. मे महिन्यात एके सकाळी त्यांच्या वस्तीला पत्रे ठोकले आणि रिक्षा आत अडकली. काकूंच्या पायांना सूज होती, बोलताना दम लागत होता, साडेआठची वेळ चुकली तर पुढचा पेशंट मशीनवर जाणार. ॲम्ब्युलन्सवाल्यांचे फोन लागत नव्हते. काका त्यांच्या गाडीत जाऊन बसले, किल्ली फिरवली, कट कट कट.

अशा वेळी किती इंजिनियर गोळा होतात ते तुम्हाला माहीतच आहे. मास्क लावून, सहा फुटांवर उभे राहून सल्ले. "धक्का मारा!" अहो, गाडी ऑटोमॅटिक आहे, ती धक्क्याने सुरू होत नाही. (गिअरवाली असली तरी बॅटरी पार तळाला गेली असेल तर आजकालच्या गाड्यांचा पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटरच जागे होत नाहीत.) भाजीचा मोठा ट्रक गेटवर उभा होता, त्याचा ड्रायव्हर बिचारा मनापासून म्हणाला, माझ्या बॅटरीवरून घ्या. मोठ्या ट्रक-बसमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. ते बारा व्होल्टच्या गाडीला दिले तर आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघेल. त्याला हात जोडले.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची गाडी बाराची होती, त्याच्याकडे केबलही होती. तो गाडी नाकाला नाक लावून उभी करायला निघाला. म्हटलं, अंतर ठेव रे, दोन्ही गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. दोन्ही बंद, हँडब्रेक वर, ऑटोमॅटिक म्हणून पार्कमध्ये. दिवे, एसी, रेडिओ बंद. काकांची बॅटरी आधी डोळ्यांनी तपासली. फुगलेली, तडा गेलेली, गळणारी असती तर सरळ नाही म्हटलं असतं, काकूंना त्या मुलाच्या गाडीत बसवलं असतं. (तुम्ही विचाराल, मग आधीच का नाही बसवलं? काका तयार नव्हते. त्याचं दीड वर्षाचं बाळ होतं घरात, आणि आपण दिवसाआड हॉस्पिटलमधून येतो. ते दिवस आठवा.)

माझ्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. त्या काढून काकूंकडे दिल्या. बायकांनो, हे लिहून ठेवा. पॉझिटिव्ह टर्मिनल आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये बांगडी सापडली तर ती क्षणात तापते, आणि तापलेली बांगडी हातातून निघत नाही. पुरुषांची स्टीलची घड्याळं आणि अंगठ्याही त्यातच आल्या. चष्मा मात्र असू दे, नसला तर गॉगल लावा.

मग लाल चिमटा काकांच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. आणि राहिलेला काळा, त्या मुलाने सवयीने काकांच्या बॅटरीच्या निगेटिव्हकडे नेला. मी त्याचं मनगट धरलं, तेव्हाचे सगळे नियम मोडून. तिथे नाही. इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून जमेल तितकं लांब. गाडीचं सगळं लोखंड शेवटी निगेटिव्हलाच जोडलेलं असतं, वीज तिथूनही पोचते. चिमटा टेकला, चट्ट करून एक ठिणगी उडाली. बॅटरीपासून दोन हात लांब.

त्याची गाडी सुरू केली आणि पाच मिनिटं तशीच चालू ठेवली. ही पाच मिनिटं कोणाला धरवत नाहीत. काका दर अर्ध्या मिनिटाला किल्लीकडे हात नेत होते आणि मी "काका, थांबा" म्हणत होते. काकू खुर्चीत बसून माझ्या पाटल्या मुठीत धरून होत्या. पाच मिनिटांनी काकांनी किल्ली फिरवली, एकदा गुरगुर, दुसऱ्यांदा सुरू. ते बंद करायचं नाही. काढताना बरोबर उलटं, आधी इंजिनावरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग तिचा लाल, शेवटी काकांचा लाल. चिमटे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत.

आठ वाजून वीस मिनिटांनी गाडी गेटबाहेर. माझ्या पाटल्या काकूंच्या पर्समधून हॉस्पिटलला जाऊन आल्या.

केबल त्यांच्याच डिकीत टाकली होती, कारण वीस मिनिटं गाडी चालवून बॅटरी भरत नाही, फार तर पुन्हा एकदा सुरू होण्यापुरती वर येते. तळाला गेलेली बॅटरी नीट भरायची तर चार्जरवर रात्रभर लावायला हवी. मी घाईघाईत सगळा क्रम एका पाठकोऱ्या कागदावर लिहून काकांना दिला होता. दुपारी हॉस्पिटलच्या आवारात तो कागद लागलाच, तिथल्या सिक्युरिटीवाल्याने दुसरी गाडी मिळवून दिली. काका तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, आयुष्यात त्यांनी बॉनेट उघडलेलं नव्हतं.

भाच्या, तुझ्यासाठी दोन-तीन सुट्या गोष्टी. केबल घेताना जाडीला भुलू नकोस, वर नुसतं जाड प्लास्टिक आणि आत चार तारा असतात, असली केबल हातात तापते. हल्ली बॅटरीचा छोटा डबाच मिळतो, त्यावरून दुसऱ्या गाडीशिवाय सुरू करता येतं, तुझ्यासारख्याने तोच घ्यावा, पण तोही स्वतः चार्ज करून ठेवावा लागतो. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि जोडायची जागा बॉनेटखाली वेगळी दिलेली असते, तेव्हा आधी गाडीचं पुस्तक उघड. इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करायला तर बऱ्याच कंपन्या पुस्तकात साफ मनाई करतात. आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून काही होत नाही, सुरू करतानाच जी वीज खर्च होते ती भरून निघायची मारामार. अर्धा तास फिरवून आणावी लागते.

काकू २०२२ मध्ये गेल्या. काकांना आता गाडीने कुठे जायचं नसतं, तरी दर रविवारी नि बुधवारी सकाळी गाडी काढतात, पाषाणपर्यंत जाऊन येतात. परवा खाली गेले तर बॉनेट उघडून, चष्मा लावून, टर्मिनलवरची पांढरी बुरशी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासत होते. निगेटिव्ह आधी सोडवलं होतं ना, म्हणून मी विचारणार होते, पण स्पॅनर आणि काळी वायर बाजूला नीट ठेवलेली दिसली. "वॅसलीन आहे का गं घरात?" काका म्हणाले. "वरून थोडं लावून टाकतो."